नाक, केबिन, फाळका

माझे वडील कराडला ट्रकच्या बॉड्या बांधायचे. त्यांच्या लेखी ट्रक दोनच जातींचे, नाकाचे आणि बिननाकाचे. इंजिन पुढे काढून त्यावर बोनेट बसवलेलं असलं तर ती गाडी. ड्रायव्हरला इंजिनाच्या उरावर बसवून तोंड चपटं केलेलं असलं तर तो डबा. हा निकाल त्यांनी शेवटपर्यंत बदलला नाही. मी त्यांच्याच शेडमध्ये रंग ढवळत शिकलो आणि पुढे पेंटर म्हणून पोट भरलं, त्यामुळे मला दोन्ही जातींशी सारखंच वागावं लागलं. पण इतकी वर्षं ट्रकची तोंडं हातभर अंतरावरून पाहिल्यावर माझंही एक मत पक्कं झालंय. ट्रकचं रूप कुणाच्या आवडीनं ठरलेलं नाही. ते ठरवलं कायद्यानं, साच्याच्या खर्चानं आणि गाडी कुणाच्या नावावर आहे यानं. आवडीला मिळाली ती या तिघांनी मोकळी सोडलेली जागा.

आधी नाकाचं पाहू. स्वातंत्र्याच्या सुमाराला आपल्या रस्त्यांवर अमेरिकन नाकं होती. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत परदेशी सुटे भाग जोडून गाड्या उभ्या करायला सुरुवात केली, फोर्डही मागोमाग आली. महायुद्ध संपल्यावर लष्करानं विकायला काढलेले ट्रकही मालवाहतुकीला लागले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या घराण्यातल्या डॉज, फार्गो, डिसोटो निघत. गोल मडगार्ड, फुगीर बोनेट. माझ्या लहानपणी शेडवर येणारे म्हातारे ड्रायव्हर देखणी गाडी म्हटलं की फार्गोचंच नाव घेत.

मग हे देखणेपण मागे का पडलं? १९५३ साली टॅरिफ कमिशननं भूमिका घेतली, की इथे खरोखर उत्पादन करणाऱ्यांनीच राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांना थारा नको. जनरल मोटर्स आणि फोर्डनं गाशा गुंडाळला. १९५४ साली टाटांच्या टेल्कोनं डाइमलर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले आणि पुढच्याच वर्षी अशोक मोटर्सची अशोक लेलँड झाली. टाटा-मर्सिडीजचं इंजिन डिझेलवर चालायचं आणि डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त होतं. फार्गोच्या रूपावर भाळणारा मालकसुद्धा हिशेबाच्या वहीत बेंझकडेच झुकला. अमेरिकन नाक गेलं, जर्मन नाक आलं, आणि या बदलात दिसण्याचा विचार कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

त्या जर्मन नाकाचीही एक गोष्ट आहे. पश्चिम जर्मनीचे वाहतूकमंत्री सीबोम यांनी १९५० च्या दशकात ट्रकच्या लांबीवर मर्यादा घातल्या. लांबी मोजूनच मिळणार म्हटल्यावर लांब नाक परवडेना, कारण नाकात गेलेला प्रत्येक फूट मालाच्या जागेतून कापला जाणार. डाइमलर-बेंझनं १९५९ साली त्यातून वाट काढली. इंजिन अर्धं मागे, केबिनच्या पोटात सरकवलं आणि आखूड नाकाचे ट्रक आणले. टाटाच्या १२१० एसईसारख्या सेमी-फॉरवर्ड गाड्या याच कल्पनेच्या. आज जुना ट्रक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जे तोंड येतं ते हेच. म्हणजे वडील ज्या नाकाच्या बाजूनं आयुष्यभर भांडले, ते मुळात कायद्याच्या धाकानं कापलेलं नाक होतं. मी हे त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, ‘‘कापलेलं असंल, पण आहे ना?’’

१९६९ साली जर्मनांशी करार संपला, बोनेटवरचा मर्सिडीजचा तारा जाऊन टाटाचा ‘टी’ आला. तोंड मात्र तेच राहिलं. पत्रा दाबायच्या डाय फार महाग असतात आणि लाखो नग काढल्याशिवाय त्यांचा खर्च निघत नाही. त्यात परवान्यांचा जमाना. गाडीसाठी गिऱ्हाइकानं नंबर लावून थांबायचं, मग कंपनीनं तोंड बदलायचं कशाला? सुमंत मूळगावकरांनी १९६६ पासून पुण्यात टेल्कोचा कारखाना उभा केला, तिथे यंत्रं आणि साचे स्वतः करण्यावर भर दिला, तेव्हा कुठे नवं तोंड घडवायची ताकद देशात यायला लागली.

नाक चांगलं की चपटं, यावर शेडमध्ये रोज जुंपायची. मिस्त्री लोक नाकाच्या बाजूचे. बम्परवर पाय ठेवून बोनेट उघडलं की सगळं इंजिन समोर, आणि समोरून धडक बसली तर पहिला मार नाक खाणार. ऊसवाले चपट्याच्या बाजूचे. तेवढ्याच लांबीच्या गाडीत त्यांना हौदा मोठा मिळे आणि कारखान्यात पैसे टनावर मिळत, रूपावर नाही. कुंभार्ली घाटानं चिपळूणला माल नेणारेही चपट्यालाच कौल देत, कारण पुढच्या काचेतून वळणाचा काठ दिसे. आपापल्या कामाच्या जागी सगळेच बरोबर होते.

आता केबिन. त्या काळात कंपनीकडून पुरा ट्रक येतच नसे. यायची ती चासी. पुढे बोनेट, काचेच्या खालपर्यंतचा पत्रा, स्टिअरिंग, आणि मागे उघडे लोखंडी गर्डर. जमशेदपूरहून ती तशीच चालवत आणायचे. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसलेला, डोळ्यांना गॉगल, तोंडाला पंचा, आणि हजार मैलांहून लांब वाट ऊन-पाऊस अंगावर घेत. अशी चासी शेडमध्ये शिरली, की वडील तिच्याभोवती फिरून नुसतं बघत राहायचे. मग सागाच्या चौकटीची मापं काढायला घ्यायचे.

लाकडी केबिनीला लोक मागासलेपण समजतात. मला ते पटत नाही. खड्ड्यातून जाताना चासी पिळवटते. लाकडाचे सांधे त्या पिळाला थोडे लवतात, तिथे त्या काळचं वेल्डिंग तडकायचं. पुढची काच सपाट, दोन तुकड्यांत, म्हणजे फुटली तर कुठल्याही गावात कापून मिळे. दार मोडलं तर बैलगाडी करणारा सुतारसुद्धा नीट करून देई. आणि प्रत्येक भागाची बांधणी वेगळी. पंजाबी बांधणीची केबिन डोक्यावर मोठा कोरीव ‘शो’ मिरवायची, आमच्याकडे तो बेताचा असे. उसाच्या गाड्यांना सीझनमध्ये फाळके काढून उभे खांब लावायचे, म्हणजे मोळ्या केबिनच्याही वर रचता येत. नंबर न बघता वडील सांगत, ही गाडी कुठं बांधलीय.

पण याच देखण्या केबिनीत बसून पुण्याला जायचं म्हटलं की वडील एस.टी. पकडत. त्याचं कारण आत बसल्यावर कळतं. इंजिनाचा उंचवटा मधोमध, त्यावर गोणपाट आणि रेक्झिन, आणि मे महिन्यात त्याची धग मांडीला लागून कातडी लाल व्हायची. क्लीनरची बसायची आणि झोपायची जागा तीच. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे ड्रायव्हरचे खांदे पैलवानासारखे. अपघातात लाकूड कुणाला वाचवत नसे. ट्रकच्या सौंदर्यावर बोलणारे बहुतेक सगळे ट्रकच्या बाहेर उभे असतात, हे मला तिथे समजलं.

फाळका हा माझा प्रांत. इथेही मोकळीक वाटते तेवढी नव्हती. १९७५ साली नॅशनल परमिट आलं. त्या गाड्यांच्या बॉडीला वाळलेल्या पानासारखा तपकिरी रंग आणि भोवती जाड पांढरी पट्टी, असा नियमच होता. गाडीवर ‘नॅशनल परमिट’ किंवा ‘एन/पी’ लिहायचं. परगावची माणसं त्या तपकिरी रंगाला ट्रकवाल्यांची आवड समजतात. आम्हाला तो ऑइलपेंटच्या डब्यावरच्या नंबरानं पाठ होता. उरलं काय? फाळक्याची मधली चौकट, केबिनचं कपाळ, डिझेलची टाकी, मडगार्डचे कोपरे. तेवढ्यात कमळ, गाय-वासरू, मोर, गरुड, जोतिबा, खंडोबा, घोड्यावरचे शिवाजी महाराज. खाली ‘आईवडिलांचा आशीर्वाद’, मुलांची नावं, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात पेंटरचं नाव. खंडेनवमीच्या आधी तर रात्र पुरत नसे. पूजेला गाडी नवी दिसली पाहिजे, असा प्रत्येकाचा हट्ट.

३० एप्रिल २०१५ ला महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी व्यापारी वाहनांवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी घातली. त्या अक्षरांमुळे लोक विनाकारण हॉर्न वाजवतात, हे कारण. वर्तमानपत्रांत परंपरा संपल्याची हळहळ छापून आली. मला हळहळ वाटली नाही. ती अक्षरं आमच्या कामातला सगळ्यांत कंटाळवाणा भाग होती. प्रत्येक गाडीवर तीच, त्याच जागी, त्याच पिवळ्या रंगात. खरा घाव त्याआधीच बसला होता. रेडियमवाल्यानं संगणकावर अक्षरं कापून अर्ध्या तासात चिकटवायला सुरुवात केली आणि ब्रश वाळायला लागले.

लाकडी केबिनीची जागा घेणाऱ्या पोलादी केबिनीची चाहूल लागली ती लहान गाड्यांतून. १९८० च्या दशकात स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, डीसीएम टोयोटा आणि ऑल्विन निसान अशा चार जपानी सोयरिकी एकदम झाल्या. कारखान्यातूनच पुरी केबिन, गुळगुळीत पत्रा, नीट बसणारं दार. टाटानं १९८६ साली पुण्याहून ४०७ काढली, तीही आखूड नाकाची. जपानी तोंडं सुबक होती, पण बाजार जिंकला ४०७ नं. मग नव्वदच्या दशकात लेलँडनं युरोपीय केबिनीची कार्गो आणली, १९९८ साली बेंगळुरूजवळ होस्कोट्याला व्होल्वोचे ट्रक बनू लागले. टाटानं २००४ साली कोरियातली देवूची ट्रक कंपनी घेतली आणि २००९ साली प्रायमा आली. २०१२ पासून चेन्नईजवळच्या ओरगडमला डाइमलरनं भारतबेंझ सुरू केली. लाकडाचा भुसा झटकायला शेडमध्ये कुणी उरलं नाही.

नव्या तोंडांबद्दल माझं मत मिश्र आहे. सगळ्यांत प्रामाणिक चेहरा मला टाटाच्या १६१३ एलपीटीचा वाटतो. सपाट पत्रा, दोन दिवे, मध्ये जाळी, कसला आव नाही. आताच्या ट्रकांचे दिवे वर ओढलेले, जाळी उगाच मोठी, जणू समोरच्यावर डाफरायलाच निघालेत. ही मोटारींची नक्कल आहे, आणि पंचवीस टन माल ओढणाऱ्याला रागीट दिसायची गरज नसते. प्लॅस्टिकचा बम्पर दगड लागला की फुटतो, आणि मोठी वाकलेली काच फुटली तर ती गाव सोडून शहरातून मागवावी लागते. पण दार उघडून आत बसलं की माझी तक्रार ढिली पडते. सीट झोका घेते, स्टिअरिंग दोन बोटांनी फिरतं, पाठीमागे झोपायला जागा आहे. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, एकूण वजन साडेतीन टनांवर असणाऱ्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. केंद्रीय वाहतूकमंत्री म्हणून नितीन गडकरी हे बरेच दिवस बोलत होते. नागपूरच्या माणसाला उन्हाळा काय असतो ते सांगावं लागत नाही. माझ्या मते सत्तर वर्षांत ट्रकच्या रूपात झालेला हा सगळ्यांत मोठा बदल आहे, आणि तो रस्त्यावरून दिसतच नाही.

मग सजावट का गेली? नवी पोरं आळशी झाली, असं म्हणणारे मला भेटतात. मी त्यांना गाडीचे कागद बघायला सांगतो. आमच्या शेडमध्ये येणारा माणूस एका ट्रकचा मालक असे. कर्ज काढून घेतलेली गाडी तो स्वतः चालवायचा, नाहीतर भाऊ किंवा भाचा चालवायचा. तो रंगावर पैसे घाली, कारण गाडी त्याच्या घरातली होती. आता महामार्गावरच्या मोठ्या गाड्या पुष्कळशा कंपन्यांच्या ताफ्यातल्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांवर एकच चिन्ह, आणि ड्रायव्हर दर महिन्याला वेगळा. परक्याच्या गाडीवर आपल्या मुलीचं नाव कोण लिहील?

याचा पुरावा हवा असेल तर आठवडी बाजारात जाऊन छोटा हत्ती बघा. गिरीश वाघ यांच्या चमूनं घडवलेली टाटा एस २००५ साली आली. दोन सिलिंडरांची, पाऊण टनाची गाडी. ज्याला मोठा ट्रक सात जन्मांत घेता आला नसता तो तिचा मालक झाला, आणि मालक झाल्या झाल्या त्यानं तिला सजवली. टपावर झालर, आरशाला काळे गोंडे, मागच्या फाळक्यावर गावच्या देवाचं नाव, त्याखाली दोन मुलांची नावं. अक्षरं रेडियमची आहेत, माझ्या ब्रशची नाहीत, हे मला खुपतं. पण ती लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. मोठा ट्रक ज्या दिवशी पुन्हा चालवणाऱ्याच्या नावावर होईल, त्या दिवशी त्याचाही फाळका कोरा राहणार नाही.