बेट आधी गाजतं, मग बंद होतं

'बीच काही दिवस बंद ठेवा' असं नुसतं म्हटलं तरी आपल्याकडे लोक अंगावर येतात. पण जगातला एक अत्यंत गाजलेला बीच सरकारनं चक्क साडेतीन वर्षं बंद ठेवला होता. कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ती गोष्ट वाचावी, म्हणून ही जरा लांब पोस्ट.

गोष्ट थायलंडची. १९७०च्या दशकात कोह सामुई हे नारळाचं बेट होतं. पाठीवर सॅक टाकून आलेली गोरी पोरं नारळ वाहणाऱ्या बोटीतून तिथं पोचायची आणि साध्या झोपड्यांत राहायची. १९७५ मध्ये टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्यानं आग्नेय आशिया स्वस्तात कसा फिरायचा, याचं गाइडबुक काढलं. अशा पुस्तकांनी आणि तोंडोतोंडी पसरलेल्या कीर्तीनं बेटं भरू लागली. १९८९ मध्ये सामुईला विमानतळ झाला. शांतता शोधणारे शेजारच्या कोह फांगानला सरकले, मग तिथं पौर्णिमेच्या रात्रीच्या पार्ट्या सुरू झाल्या. आधी सॅकवाला, मग झोपडीवाला, मग हॉटेलवाला, मग विमान. क्रम हाच.

ॲलेक्स गार्लंडची 'द बीच' ही १९९६ ची कादंबरी नेमकी यावरच आहे. पर्यटकांपासून लपवून ठेवलेला एक किनारा आणि तो लपवू पाहणारे बॅकपॅकर्स. तिच्यावरच्या सिनेमाचं शूटिंग १९९९ मध्ये फी फी ले बेटावरच्या माया बे इथं झालं. ही जागा १९८३ पासून राष्ट्रीय उद्यानात. तरीही किनारा आणखी 'सुंदर' दिसावा म्हणून वाळूचे उंचवटे सपाट केले, तिथली मूळ झुडपं काढली, बाहेरून माड आणून लावले. स्थानिक लोक कोर्टात गेले. शेवटी निर्मिती कंपनीनं १ कोटी बाट द्यायचं मान्य केलं, पण तोवर २०२२ साल उजाडलं होतं!

मधल्या काळात जगाला तो बीच पडद्यावर दिसला होता. दिवसाला ५ हजारांपर्यंत माणसं त्या छोट्याशा खाडीत उतरू लागली. बोटींचे नांगर आणि पंखे यांनी बहुतेक प्रवाळ संपवलं. १ जून २०१८ ला माया बे बंद झाला, तो थेट जानेवारी २०२२ मध्ये उघडला. आता बोटी मागच्या बाजूनं लागतात, एका वेळची माणसं मोजून सोडतात, पोहायला बंदी आणि ऑगस्ट-सप्टेंबर दोन महिने कुलूप. माणसं थांबल्यावर उथळ पाण्यात काळ्या टोकाचे रीफ शार्क परत दिसू लागले.

फिलिपिन्सच्या बोराकायचंही तेच. सांडपाणी थेट समुद्रात जाऊ लागलं, तेव्हा एप्रिल २०१८ मध्ये अख्खं बेट सहा महिने बंद केलं. हजारो कामगारांचा रोजगार एका फटक्यात थांबला. हॉटेलवाल्यांच्या चुकीची शिक्षा खोल्या साफ करणाऱ्यांनाही मिळाली.

आता आपल्याकडे या. मालवण सागरी अभयारण्य १९८७ चं. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा १९९७ मध्ये जाहीर झाला. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला. म्हणजे संरक्षण कागदावर आधी आलं, विमान नंतर. पण माया बेसुद्धा कागदावर सुरक्षितच होता की!

पर्यटन नको असं मी म्हणत नाही. होमस्टेच्या पैशावर इथल्या कितीतरी घरांतली पोरं शिकतायत. म्हणूनच नियम आत्ता हवेत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती एका वेळी किती बोटी? नांगर कुठं टाकायचा? तारकर्लीच्या खोल्यांचं सांडपाणी जातं कुठं? हे मुंबईत ठरण्याआधी मच्छीमार, बोटवाले आणि घरमालक यांनी एकत्र बसून ठरवायला हवं.

समुद्राला विश्रांती लागते, हे आपल्या गाबितांना कोणी शिकवायला नको. पावसाळ्यात जाळी वर ठेवायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होडी लोटायची, ही पद्धत पिढ्यानपिढ्यांची आहे. मासेमारीला जो नियम, तोच पर्यटनाला का नको?

वेळेवर घातलेली मर्यादा थोडी कमाई कमी करते. उशिरा लागलेलं कुलूप सगळीच बंद करतं. तुमच्या गावच्या किनाऱ्यासाठी पहिला नियम कोणता हवा? कमेंटमध्ये लिहा, पण गावाच्या नावासकट.