रिच इंटरनेट ॲप्लिकेशन : महाविद्यालयीन अध्यापन

रिच इंटरनेट ॲप्लिकेशन (आरआयए) : ब्राउझरमध्ये चालणारे, पण संगणकावर बसवलेल्या सॉफ्टवेअरसारखा तत्काळ प्रतिसाद देणारे उपयोजन. साध्या संकेतस्थळावर प्रत्येक क्लिकला सर्व्हरकडून सगळे पान नव्याने येते. आरआयएमध्ये पान जागेवर राहते. हवी तेवढीच माहिती मागवली जाते आणि पानाचा तेवढाच भाग बदलतो. मॅक्रोमीडिया कंपनीने २००२ मध्ये फ्लॅश एमएक्सच्या निमित्ताने ही संज्ञा प्रचारात आणली. अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन, बीएस्सी (आयटी), बीसीए व एमसीए अभ्यासक्रमांत या विषयाचे शिक्षण बहुधा ‘वेब टेक्नॉलॉजी’ किंवा ‘इंटरनेट प्रोग्रॅमिंग’ अशा नावांखाली होते. संज्ञा आता जवळजवळ मागे पडली आहे. विषय टिकून आहे.

पूर्वपीठिका : जावा ॲप्लेट आणि जावास्क्रिप्ट या दोन्हींचा उगम १९९५ चा. नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. महाविद्यालयांत ती पुष्कळ काळ फॉर्ममधील रकाने तपासण्यापुरतीच शिकवली गेली.

फ्लॅश व फ्लेक्स : मॅक्रोमीडियाने मार्च २००४ मध्ये फ्लेक्स बाजारात आणले. ही कंपनी डिसेंबर २००५ मध्ये ॲडोबीकडे गेली, आणि पुढच्या वर्षी फ्लेक्स २, फ्लॅश प्लेअर ९ व ॲक्शनस्क्रिप्ट ३ पाठोपाठ आले. अध्यापनाच्या दृष्टीने खरा पालट इथे झाला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तोवर फ्लॅश म्हणजे टाइमलाइनवर फ्रेम मांडणाऱ्या चित्रकाराचे साधन होते. फ्लेक्समध्ये पडद्याची मांडणी एमएक्सएमएल या खूणभाषेत आणि वर्तन ॲक्शनस्क्रिप्टमध्ये लिहावे लागे. क्लास, इंटरफेस, टाइप तपासणी हे सारे जावा शिकलेल्या विद्यार्थ्याच्या ओळखीचे होते. फ्लेक्स बिल्डर एक्लिप्सवर बेतलेला असल्याने खिडक्याही परक्या वाटत नसत. डेटा बाइंडिंगसाठी ‘बाइंडेबल’ अशी खूण केलेल्या चलाचे नाव महिरपी कंसात लिहिले की पुरे; चलाची किंमत बदलली की पडद्यावरचा आकडा आपोआप बदले. ‘स्थिती बदला, पडदा आपला आपण बदलेल’ ही विचारपद्धती विद्यार्थ्यांना पुढे रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत पुन्हा भेटली, तेव्हा ती नवी म्हणून शिकवली गेली.

इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आणि फायरफॉक्स एकच पान दोन तऱ्हांनी दाखवत, त्या काळात फ्लॅशची एसडब्ल्यूएफ फाईल सगळीकडे सारखी दिसे, ही प्रयोगशाळेतील मोठी सोय होती. ॲडोबीने फ्लेक्स बिल्डर विद्यार्थी व शिक्षकांना मोफत दिला, आणि फ्लेक्स ३ (२००८) पासून विकासाचा संच मुक्तस्रोत केला. देवनागरीची अडचण मात्र राहिली होती. जोडाक्षरे जुळवणाऱ्या लिप्यांना पुरेसा आधार देणारे मजकूर-इंजिन त्याच वर्षी फ्लॅश प्लेअर १० मध्ये आले.

एजॅक्स : आऊटलूकच्या वेब आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टने बनवलेला एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट हा घटक १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये आला. जीमेल (२००४) आणि गूगल मॅप्स (२००५) यांनी फ्लॅशसारख्या प्लगइनशिवाय काय साधते ते दाखवले. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्राला एजॅक्स हे नाव दिले.

महाविद्यालयात याचा परिचय बहुधा एकाच ठराविक प्रयोगातून होतो : जिल्हा निवडला की खालच्या यादीत त्याचे तालुके यावेत. ‘ऑनचेंज’ घटनेला फंक्शन जोडायचे, विनंती पाठवायची, ‘रेडीस्टेट’ ४ आणि ‘स्टेटस’ २०० झाले की यादी भरायची. फाईलवर दोनदा क्लिक करून पान उघडले, तर प्रयोग सहसा चालत नाही. झॅम्पचा स्थानिक सर्व्हर सुरू करून ती एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवावी लागते आणि पत्त्यात लोकलहोस्ट लिहावे लागते. पहिला तास यातच जातो. त्याहून कठीण टप्पा असतो उत्तर ‘नंतर’ येते हे पचवण्याचा. विनंती पाठवलेल्या ओळीच्या लगेच खाली यादी छापू पाहणाऱ्याला ती रिकामी मिळते, आणि तो दोष डेटाबेसमध्ये शोधत बसतो. ओळी वरून खाली क्रमाने चालतात, या सी भाषेत मुरलेल्या समजुतीला बसलेला हा पहिला धक्का असतो. तोंडी परीक्षेत प्रश्न मात्र ‘एजॅक्सचे पूर्ण रूप सांगा’ हाच येतो.

सिल्व्हरलाइट : मायक्रोसॉफ्टचे प्लगइन (२००७), डॉटनेट शिकवणाऱ्या महाविद्यालयांपुरते, आधार २०२१ मध्ये समाप्त.

प्लगइनचा अस्त : आयफोनवर फ्लॅश कधीच चालले नाही. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी खुल्या पत्रात त्याची कारणे मांडली. अस्ताला ॲपलचा नकार किती आणि फ्लॅशमधील सुरक्षेच्या त्रुटी किती कारणीभूत, याविषयी मतभेद आहेत. ॲडोबीने २०११ मध्ये फ्लेक्स अपाची प्रतिष्ठानाकडे सोपवण्याचा निर्णय जाहीर केला. एचटीएमएल ५ ला ऑक्टोबर २०१४ मध्ये अंतिम मान्यता मिळाली, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार संपला.

महाराष्ट्रातील अभ्यासक्रम : महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या ‘आय’ योजनेतील पाचव्या सत्राचा ‘क्लायंट साइड स्क्रिप्टिंग लँग्वेज’ (२२५१९) हा विषय घटना व फॉर्म नीट शिकवत असे. परंतु स्टेटस बारवरील मजकूर आणि एचटीएमएल ५ ने बाद केलेल्या फ्रेम यांनाही त्यात जागा होती. मुंबई विद्यापीठाच्या माहिती तंत्रज्ञान शाखेने २०१९ च्या ‘सी’ योजनेत ‘इंटरनेट प्रोग्रॅमिंग’मध्ये रिॲक्ट, नोड व एक्स्प्रेस घेतले, आणि सहाव्या सत्रात प्रोग्रेसिव्ह वेब ॲपची प्रयोगशाळा ठेवली. मराठीतून शिकू पाहणाऱ्यांना आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी ध्वनिमुद्रित पाठ उपयोगी पडतात.

मूल्यमापन : हा या शिक्षणाचा दुबळा भाग होय. ज्या उपयोजनाचे सारे मर्म हालचालीत, ते जर्नलमध्ये कोडची छापील प्रत आणि खाली चिकटवलेले स्क्रीनशॉट एवढ्यावर तपासले जाते. तालुक्यांची यादी खरोखर सर्व्हरवरून आली की पानातच लिहून ठेवली होती, हे स्क्रीनशॉटवरून कळत नाही. नेटवर्क पुरेसे मंद करून तेच पान परीक्षकासमोर चालवायला लावणे हा सोपा उपाय ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्येच आहे. तो परीक्षेत सक्तीचा करावा.

जतन : रफल या मुक्तस्रोत एम्युलेटरच्या साहाय्याने इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून जुनी फ्लॅश ॲनिमेशने व खेळ पुन्हा चालू केले. मात्र रफलमध्ये सुरुवातीला ॲक्शनस्क्रिप्ट ३ ला पुरेसा आधार नव्हता. त्यामुळे फ्लेक्समध्ये केलेले आणि ब्लॅक बुकच्या (प्रकल्प-अहवालाच्या) मागे सीडीत जोडलेले विद्यार्थी-प्रकल्प या पुनरुज्जीवनाबाहेर राहिले.