हवाई बंदूक

हवाई बंदूक : दाबलेल्या हवेच्या किंवा वायूच्या प्रसरणाने नळीतून गोळी अथवा छर्रा फेकणारे शस्त्र. बोलभाषेत तिला ‘छर्‍याची बंदूक’ किंवा ‘एअरगन’ म्हणतात. तीत बारूद नसल्याने धूर व ज्वाळा निर्माण होत नाहीत आणि आवाजही कमी होतो. या सौम्य रूपामुळे ती खेळणे आहे, असा समज पसरला. तिचा इतिहास मात्र या समजाला पुष्टी देणारा नाही. हवेचा दाब, दाबलेल्या हवेचे आकारमान आणि नळीची लांबी या तीन गोष्टींवर तिची शक्ती अवलंबून असते. त्यांपैकी दाब वाढविला, की टाकी, झडप वा कमान यांवरील ताण वाढतो.

युद्धोपयोगी हवाई बंदुकीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे टिरोलमधील बंदूककार जिरार्दोनी याची बंदूक होय. ऑस्ट्रियाच्या सैन्याने ती १७८० च्या सुमारास स्वीकारली. तिचा दस्ता हीच हवेची टाकी असे. नळीलगतच्या पेटीत सु. २० गोळ्या राहत आणि त्या लागोपाठ झाडता येत. बारुदी बंदूक प्रत्येक बारानंतर ठासावी लागत असे त्या काळात हा फार मोठा लाभ होता. परंतु टाकी भरण्यासाठी हातपंपाचे सु. १,५०० हेलकावे द्यावे लागत. प्रत्येक बारानंतर दाब उतरत असल्याने पहिल्या गोळीचा जोर शेवटच्या गोळीत उरत नसे. टाकी पत्र्याची, रिव्हेट मारून व डाख देऊन जोडलेली असे. तिच्या सांध्यांतून हवा गळे, आणि दाब अधिक वाढवावा तर टाकीच फुटण्याचे भय होते. म्हणजे शक्तीची मर्यादा शास्त्रज्ञाच्या कल्पनेने नव्हे, तर लोहाराच्या सांध्याने ठरविली होती. १८१५ पर्यंत ही बंदूक सैन्यातून बाद झाली.

या संदर्भात १८०३ हे वर्ष लक्षणीय आहे. त्या वर्षी ऑगस्टअखेरीस अमेरिकन समन्वेषक मेरिवेदर लूइस ओहायओ नदीवरून प्रवासास निघाला, तेव्हा त्याच्याजवळ एक हवाई बंदूक होती. ती जिरार्दोनी पद्धतीची असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पहिल्याच मुक्कामी त्याने ती लोकांना दाखविली. पाहण्यासाठी हाती घेणाऱ्या एकाकडून ती अभावितपणे उडाली आणि सु. ३६ मी. अंतरावरील एका स्त्रीच्या कानशिलाला गोळी चाटून गेली. जखम गंभीर नव्हती. 

यानंतर सुमारे तीनच आठवड्यांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील (भोकरदन तालुका) असई येथे शिंदे व भोसले यांच्या फौजांची आर्थर वेलस्लीच्या इंग्रज सैन्याशी लढाई झाली. केळणा व जुई या नद्यांच्या दुआबातील या लढाईत शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रजांची मोठी हानी केली, त्यांचे सु. १,६०० लोक मृत वा जखमी झाले. येथील सारा मारा बारुदावर, तोफांवर आणि चकमकीच्या बंदुकांवर चालला. बारुदासाठी सोरा, गंधक व कोळसा लागे आणि ते कोरडे ठेवावे लागे. हवेला यांपैकी काहीच लागत नाही. तरीही रणांगणाने हवेऐवजी बारुदाचीच निवड केली, कारण बारुदी शस्त्राची दुरुस्ती गावोगावचा कारागीर करू शकत असे. झडपेची व टाकीची दुरुस्ती मात्र कुशल घड्याळजीच्या तोडीचे काम होते.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मुलांसाठी स्वस्त कमानीच्या बंदुका निघाल्या, तर इंग्लंडमध्ये लिंकन जेफ्रीझ याच्या रचनेतून १९०५ च्या सुमारास तरफेने ताणावयाची अचूक बंदूक तयार झाली. तीत दट्ट्या कमानीच्या जोराने पुढे सरकून हवा दाबतो. या प्रकारात शक्ती वाढविण्याचा मोह वारंवार झाला. जर्मनीत १९५० नंतरच्या दशकात ईथराची वाफ पेटवून जोर वाढविणारी एक बंदूक विक्रीस आली. ती फारशी चालली नाही. नळीतील तेल दाबाच्या उष्णतेने पेटले, तरी असाच स्फोट घडतो. त्यामुळे जोर क्षणभर वाढतो. परंतु दट्ट्या, कमान व दर्शक यांची हानी होते आणि प्रत्येक बाराचा वेग निराळा पडतो.

शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अर्धा ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मी. वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा सु. ७.७ जूल भरते, २८३ मी. वेगाला ती २० जूल होते. वेग १.६ पट होताच ऊर्जा २.६ पटींहून अधिक होते, आणि सदोष भागाची चूकही त्याच हिशोबाने महाग पडते. उच्च दाबाच्या आधुनिक बंदुकांत टाकीचा दाब सु. २०० बारपर्यंत असतो. म्हणून टाकीला ठरावीक मुदत असते आणि ती उलटून गेल्यावर टाकी वापरणे धोक्याचे ठरते.

स्पर्धांनी शक्तीऐवजी अचूकतेचा मार्ग धरला. १० मीटर प्रकारात ४.५ मिमी. छर्रा वापरतात आणि लक्ष्याच्या मध्यबिंदूचा व्यास केवळ ०.५ मिमी. असतो. हा प्रकार १९८४ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकपासून समाविष्ट झाला. महाराष्ट्राच्या अंजली भागवत (सिडनी, २०००) व सुमा शिरूर (अथेन्स, २००४) यांनी त्याची अंतिम फेरी गाठली. २०२२ मध्ये ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने कैरो येथे जागतिक विजेतेपद मिळविले. या नेमबाजांच्या बंदुका ७-८ जूलच्याच असतात. जत्रेत फुगे फोडणाऱ्याची बंदूकही तशीच दुबळी असते, पण डोळ्याला तीही पुरेशी घातक आहे.

भारतात शस्त्र नियम, २०१६ नुसार २० जूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा ४.५ मिमी.हून मोठ्या व्यासाच्या हवाई बंदुकीस परवाना लागतो. अग्निशस्त्रांचे रूपांतर शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना करता येत नाही. मर्यादेतील बंदूक कारागिराकडून ‘जोरदार’ करून घेणारा मालक म्हणूनच केवळ फुटणाऱ्या टाकीचाच नव्हे, तर कायद्याचाही धोका पत्करतो.

जालना जिल्ह्यात या प्रश्नाला शेताची बाजू आहे. मोसंबीच्या बागा व उभी पिके यांना पक्ष्यांचा, रोह्यांचा व रानडुकरांचा उपद्रव होतो, आणि छर्‍याची बंदूक अधिक जोरदार असती तर, ही इच्छा तेथून जन्मते. रोह्यासारख्या मोठ्या जनावरावर छर्रा झाडल्यास ते मरत नाही. जखम घेऊन पळते व अनेक दिवस यातना भोगते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये इजा करणे हीदेखील शिकारच धरली आहे. राखणदाराची माळ्यावरची गोफण व डबा वाजविणे हे उपाय जुने असले, तरी त्यांत सांधा फुटण्याचे भय नसते.