कंटेनरांमधील सामायिक व्हॉल्यूम

कंटेनरांमधील सामायिक व्हॉल्यूम म्हणजे एकाहून अधिक सॉफ्टवेअर कंटेनरांना एकाच वेळी किंवा एकामागून एक वापरता येणारी, कंटेनरांच्या बाहेर ठेवलेली साठवण होय. कंटेनर नष्ट झाला तरी व्हॉल्यूममधील विदा शिल्लक राहते आणि त्याच कामासाठी सुरू केलेल्या नव्या कंटेनरला ती जशीच्या तशी मिळते. डॉकर, पॉडमन व कुबरनेटिस या प्रणालींमध्ये अशा व्हॉल्यूमची सोय आहे. सामायिक व्हॉल्यूममुळे कंटेनरांना एकच जागा वापरता येते. परंतु त्या जागेत कोणी केव्हा लिहावे, याचा क्रम व्हॉल्यूम ठरवत नाही. तो क्रम आज्ञावलीलाच ठरवावा लागतो, आणि तो न ठरवल्यास विदा बिघडू शकते.

पार्श्वभूमी

कंटेनर हा स्वतंत्र संगणक नसून यजमान संगणकावर चालणारी, इतरांपासून वेगळी राखलेली प्रक्रिया असते. यजमानाचा गाभा, म्हणजे कर्नेल, सर्व कंटेनरांसाठी एकच असतो. मात्र प्रत्येक कंटेनरला फाइलींचा स्वतःचा वेगळा वृक्ष दिसतो. हा वृक्ष ‘इमेज’ नावाच्या, एकावर एक रचलेल्या थरांपासून तयार होतो. इमेजचे थर केवळ वाचण्यासाठी असतात. कंटेनर सुरू होताना त्यांच्यावर एक पातळ लेखनयोग्य थर चढवला जातो. इमेजमधील एखादी फाइल बदलायची झाल्यास तिची प्रत प्रथम या वरच्या थरात येते व बदल त्या प्रतीत होतो.

वरचा थर कंटेनरच्या आयुष्याशी बांधलेला असतो. कंटेनर थांबवून पुन्हा सुरू केल्यास तो टिकतो. कंटेनर काढून टाकल्यास तोही जातो. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवताना जुना कंटेनर काढून नवा सुरू करण्याची पद्धत रूढ असल्याने हा प्रसंग नेहमीच येतो. म्हणून डेटाबेस, वापरकर्त्यांनी चढवलेली चित्रे, नोंदवह्या इत्यादी टिकाऊ विदा कंटेनरच्या थरात न ठेवता व्हॉल्यूममध्ये ठेवतात.

इतिहास

फाइलींचा वेगळा वृक्ष दाखवण्याची कल्पना १९७९ मधील युनिक्सच्या ‘सीएचरूट’ या सुविधेपर्यंत मागे जाते. २००० साली फ्रीबीएसडी प्रणालीत ‘जेल’ ही अधिक काटेकोर विभागणी आली. लिनक्समध्ये २००२ साली माउंट नेमस्पेस आल्याने प्रत्येक प्रक्रियासमूहाला जोडलेल्या साठवणीची स्वतंत्र यादी ठेवणे शक्य झाले. २००८ मध्ये सीग्रुप्स ही संसाधनांवर मर्यादा घालणारी व्यवस्था लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी अमेरिकेतील सांता क्लारा येथे पायकॉन परिषदेत डॉकर प्रथम जाहीरपणे दाखवले.

डॉकरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये व्हॉल्यूमला स्वतःचे नाव वा स्वतंत्र अस्तित्व नव्हते. विदा सामायिक करण्यासाठी ‘केवळ विदेचा कंटेनर’ तयार करत आणि इतर कंटेनर ‘व्हॉल्यूम्स-फ्रॉम’ या पर्यायाने त्याचे व्हॉल्यूम आपल्याला जोडून घेत. नोव्हेंबर २०१५ मधील १.९ या आवृत्तीत व्हॉल्यूम तयार करणे, पाहणे व काढणे यांसाठी स्वतंत्र आज्ञा आल्या आणि ही जुनी पद्धत मागे पडली.

प्रकार

डॉकरमध्ये बाहेरची साठवण कंटेनरला तीन प्रमुख प्रकारे जोडता येते.

नामांकित व्हॉल्यूम: डॉकर स्वतः सांभाळत असलेला व नावाने ओळखला जाणारा व्हॉल्यूम. लिनक्सवर त्याची विदा सामान्यतः ‘/व्हार/लिब/डॉकर/व्हॉल्यूम्स’ या फोल्डरखाली असते. नवा, रिकामा व्हॉल्यूम इमेजमधील भरलेल्या फोल्डरवर जोडल्यास त्या फोल्डरातील मजकूर प्रथम व्हॉल्यूममध्ये उतरवला जातो.

बाइंड माउंट: यजमान संगणकावरील ठरावीक फोल्डर वा फाइल कंटेनरमध्ये दाखवणे. यात मजकूर उतरवला जात नाही; इमेजमध्ये त्या ठिकाणी काही असल्यास ते झाकले जाते. आज्ञावली लिहिताना केलेले बदल कंटेनरमध्ये लगेच दिसावेत यासाठी ही पद्धत सोयीची आहे.

टीएमपीएफएस: यजमानाच्या स्मृतीत ठेवलेली तात्पुरती साठवण. कंटेनर थांबताच ती पुसली जाते आणि डॉकरमध्ये ती इतर कंटेनरांशी सामायिक करता येत नाही.

पहिल्या दोन प्रकारांत एकच व्हॉल्यूम वा फोल्डर कितीही कंटेनरांना जोडता येते. प्रत्येक कंटेनरमध्ये त्याची जागा वेगळी असू शकते, तसेच एखाद्या कंटेनरला केवळ वाचण्याची मुभा देता येते.

कार्यपद्धतीचे उदाहरण

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव ही कांद्याची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. तेथील कांद्याची आवक आणि किमान, कमाल व सरासरी भाव दाखवणारे एक काल्पनिक संकेतस्थळ उदाहरणादाखल घेता येईल. त्यात दोन कंटेनर आहेत. पहिला लिलावाचे आकडे गोळा करून ‘भाव’ नावाच्या व्हॉल्यूममधील एका फाइलीत लिहितो. दुसरा कंटेनर वेब सर्व्हर असून तीच फाइल वाचकांना दाखवतो.

या रचनेत पहिल्या कंटेनरला व्हॉल्यूम लेखनासह आणि दुसऱ्याला केवळ वाचनासाठी जोडणे योग्य ठरते. वेब सर्व्हर बाहेरच्या जगाला खुला असतो. त्यात कोणी शिरकाव केला तरी व्हॉल्यूममधील भाव त्या मार्गाने बदलता येत नाहीत. वेब सर्व्हरची आवृत्ती बदलताना पहिल्या कंटेनरला थांबवावे लागत नाही, हा आणखी एक फायदा.

एकाच वेळी वाचन व लेखन

वरील उदाहरणात पहिला कंटेनर जुनी फाइल रिकामी करून तिच्यात नवे आकडे भरू लागला आणि नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्याने ती वाचली, तर वाचकाला अर्धवट यादी दिसेल. एखाद्या शेतकऱ्याने त्या आकड्यांवर विसंबून माल बाजारात नेण्याचा वा घरी ठेवण्याचा निर्णय घेतल्यास चूक केवळ पडद्यापुरती राहत नाही. अशा वेळी व्हॉल्यूम कोणतीही सूचना देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही कृती वैध असतात.

यावरील रूढ उपाय म्हणजे नवे आकडे त्याच व्हॉल्यूममधील दुसऱ्या, तात्पुरत्या नावाच्या फाइलीत पूर्ण लिहावेत आणि शेवटी तिला मूळ नाव द्यावे. एकाच फाइल प्रणालीत नाव बदलण्याची क्रिया अखंड असते. त्यामुळे वाचणाऱ्याला एकतर संपूर्ण जुनी किंवा संपूर्ण नवी फाइल मिळते. मात्र येथे केवळ ती एक फाइल बाइंड माउंटने जोडलेली असेल, तर कंटेनरला जुनीच फाइल दिसत राहते, कारण जोडणी नावाशी नसून मूळ फाइलीशी झालेली असते. म्हणून अशा वेळी फाइलीऐवजी तिचे फोल्डर जोडतात.

लिहिणारे एकाहून अधिक असल्यास एवढ्याने भागत नाही. त्यांनी फाइलीवर कुलूप लावण्याची, म्हणजे लॉकची, पद्धत पाळावी लागते किंवा डेटाबेस सर्व्हरमार्फतच लेखन करावे लागते. डेटाबेसच्या बाबतीत धोका अधिक गंभीर आहे. पोस्टग्रेस्क्यूएलचे दोन सर्व्हर दोन कंटेनरांत चालवून त्यांना एकच विदा-फोल्डर दिल्यास विदा कायमची बिघडू शकते. एका फोल्डरवर दुसरा सर्व्हर सुरू होऊ नये म्हणून पोस्टग्रेस्क्यूएल प्रक्रियेचा क्रमांक व सामायिक स्मृती तपासते. परंतु वेगवेगळ्या कंटेनरांत हे दोन्ही एकमेकांना दिसत नसल्याने ही तपासणी निष्फळ ठरू शकते. एसक्यूलाइटची ‘वॉल’ ही नोंदपद्धतही सर्व प्रक्रिया एकाच संगणकावर आहेत असे गृहीत धरते, त्यामुळे ती नेटवर्कवरील व्हॉल्यूमवर वापरता येत नाही.

मालकी व परवानग्या

लिनक्समध्ये फाइलीची मालकी वापरकर्त्याच्या नावाने नव्हे, तर क्रमांकाने नोंदलेली असते. एका कंटेनरमधील १००० क्रमांकाच्या वापरकर्त्याने लिहिलेली फाइल दुसऱ्या कंटेनरमधील ३३ क्रमांकाच्या वापरकर्त्याला बदलता येईलच असे नाही. दोन्हीकडे वापरकर्त्याचे नाव सारखे असले तरी क्रमांक वेगळे असल्यास गाभा त्यांना वेगळेच मानतो. ‘परवानगी नाकारली’ या संदेशाचे हे एक नेहमीचे कारण आहे. दोन्ही कंटेनर एकाच क्रमांकाने चालवणे किंवा त्यांना एक समान गट देणे, हा त्यावरील उपाय आहे. सर्वांना सर्व परवानग्या देऊन टाकल्यास संदेश नाहीसा होतो, पण संरक्षणही नाहीसे होते.

एसईलिनक्स ही सुरक्षा व्यवस्था असलेल्या यजमानांवर फाइलींना लेबलही असते. डॉकर व पॉडमनमध्ये जोडणीपुढे रोमन लिपीतील लहान ‘झेड’ लिहिल्यास लेबल सामायिक होते. मोठा ‘झेड’ लिहिल्यास ते त्या एका कंटेनरपुरते खाजगी होते.

अनेक संगणकांवरील व्हॉल्यूम

साधा व्हॉल्यूम एका यजमान संगणकाच्या डिस्कवर असतो. कंटेनर अनेक संगणकांवर विखुरलेले असल्यास साठवण नेटवर्कवर न्यावी लागते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये तयार केलेली एनएफएस ही पद्धत आजही यासाठी वापरली जाते.

गूगलने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या कुबरनेटिसमध्ये एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटाला ‘पॉड’ आणि ज्या संगणकावर पॉड चालतो त्याला ‘नोड’ म्हणतात. एका पॉडमधील कंटेनरांसाठी ‘एम्प्टीडिर’ हा तात्पुरता सामायिक व्हॉल्यूम असतो. एखादा कंटेनर कोसळून पुन्हा सुरू झाला तरी तो टिकतो. पॉड काढून टाकल्यावर मात्र पुसला जातो. टिकाऊ व्हॉल्यूमसाठी वापराच्या चार रीती ठरवलेल्या आहेत:

एका नोडवर वाचन-लेखन
अनेक नोडांवर केवळ वाचन
अनेक नोडांवर वाचन-लेखन
एकाच पॉडमध्ये वाचन-लेखन

पहिल्या रीतीबद्दल गैरसमज होण्याचा संभव असतो. ती एका पॉडपुरती नसून एका नोडपुरती आहे. त्या नोडवरील अनेक पॉड तोच व्हॉल्यूम वापरू शकतात. एकाच पॉडची खात्री हवी असल्यास चौथी रीत वापरतात. ती डिसेंबर २०२३ मधील १.२९ या आवृत्तीत स्थिर म्हणून घोषित झाली. प्रत्येक साठवण प्रणाली चारही रीती पुरवते असे नाही. मेघसेवांमधील साधी आभासी डिस्क सामान्यतः एकाच नोडला लेखनासाठी जोडता येते, तर तिसऱ्या रीतीसाठी एनएफएस वा सेफएफएससारखी सामायिक फाइल प्रणाली लागते.

वापर

वैज्ञानिक संगणन: महासंगणकांमध्ये हजारो प्रक्रियांना एकच विदासंच वाचावा लागतो, म्हणून सर्व नोडांना दिसणारी लस्टरसारखी समांतर फाइल प्रणाली तेथे वापरण्याची प्रथा आहे. महाराष्ट्रात पुणे हे या क्षेत्राचे केंद्र आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्याच संस्थेचा परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० च्या जागतिक क्रमवारीत ६३ व्या स्थानी होता. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली व कोलकाता येथील परम रुद्र महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्यांपैकी पुण्यातील यंत्रणा नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठी आहे. जगभरातील महासंगणकांवर डॉकरऐवजी ॲपटेनर (पूर्वीचे नाव सिंग्युलॅरिटी) हे साधन रूढ आहे. त्यात कंटेनर चालवणाऱ्याची ओळख आत व बाहेर एकच राहते आणि त्याचे घर-फोल्डर कंटेनरला सामान्यतः आपोआप जोडले जाते. त्यामुळे संशोधकाला सामायिक साठवणीतील स्वतःच्याच फाइलींवर हक्क मिळतो, इतरांच्या नव्हे.

विकिमीडिया: मराठीसह सर्व भाषांतील विकिपीडियांसाठी स्वयंसेवकांनी लिहिलेली साधने व सांगकामे विकिमीडिया प्रतिष्ठानच्या टूलफोर्ज या मंचावर चालवता येतात. टूलफोर्जवर कुबरनेटिस वापरले जाते आणि प्रत्येक साधनाचे घर-फोल्डर एनएफएसमार्फत त्याच्या कंटेनरांना जोडता येते. त्यामुळे साधन कोणत्याही नोडवर चालले तरी त्याच्या फाइली तेथे मिळतात. याची दुसरी बाजू अशी, की एनएफएस सर्व्हर अडखळल्यास त्यावर विसंबून असलेली अनेक साधने एकदम खोळंबतात.

विदेचा नाश व राखीव प्रती

नामांकित व्हॉल्यूम कंटेनरसोबत आपोआप काढला जात नाही. डॉकर कंपोजची ‘डाउन’ ही आज्ञाही तो राखून ठेवते. मात्र तिला व्हॉल्यूम काढण्याचा पर्याय जोडल्यास तो कोणताही मागमूस न ठेवता जातो. व्हॉल्यूम टिकाऊ असला तरी ती राखीव प्रत नव्हे: यजमानाची डिस्क बिघडल्यास त्यातील विदाही जाते, आणि एका कंटेनरने चुकून पुसलेली फाइल इतर सर्व कंटेनरांसाठीही त्याच क्षणी पुसली जाते. म्हणून व्हॉल्यूम एखाद्या तात्पुरत्या कंटेनरला केवळ वाचनासाठी जोडून त्यातील मजकुराची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवतात. चालू डेटाबेसच्या फाइलींची थेट प्रत घेतल्यास ती विसंगत असू शकते. त्यामुळे डेटाबेसच्याच निर्यात साधनाने प्रत घेणे किंवा सर्व्हर थांबवून फाइली उतरवणे हितावह असते.

पर्याय

प्रत्येक देवाणघेवाणीसाठी सामायिक व्हॉल्यूम आवश्यक नसतो. लहान संदेशांसाठी संदेशरांग, नोंदींसाठी डेटाबेस सर्व्हर आणि चित्रे वा चित्रफितींसाठी वस्तु-साठवण सेवा वापरली जाते. या पद्धतींत लेखनाचा क्रम सेवा स्वतः सांभाळते आणि कंटेनरांना एकमेकांच्या फाइलींची रचना ठाऊक असावी लागत नाही. एक लिहिणारा व अनेक वाचणारे अशी रचना असल्यास सामायिक व्हॉल्यूम सर्वांत सोपा ठरतो. लिहिणारे वाढत जातात तसे हे पर्याय अधिक योग्य होत जातात.

हेही पाहा

डॉकर
कुबरनेटिस
लिनक्स
महासंगणक
प्रगत संगणन विकास केंद्र