खांदे भरून येतात, त्याची जुनी गोष्ट

आमच्या गटात आम्ही सहा जणी, आणि सहाही जणींची मान दुखते. दोघी शिलाई मशीनवर बसतात, एक रजिस्टरं लिहिते, बाकीच्या घर आणि शेत बघतात. मागे एकीने दवाखान्यात दाखवलं, तर उत्तर मिळालं, "बाई, तुमचा स्वभावच काळजीचा, विचार कमी करा." ती बाम चोळत घरी आली. आम्हाला वाटलं, हे वाक्य कुठून तरी आलेलं असणार. शोधायला बसलो, तर शंभर वर्षं मागे गेलो.

तारेचा जमाना होता तेव्हाची गोष्ट. दिवसभर तारयंत्राची कळ दाबून हात आखडायचे, बोटं वळायची. ब्रिटनने 1908 साली हे दुखणं नुकसानभरपाईच्या यादीत घेतलं. तक्रारी वाढल्या तशी सरकारने समिती बसवली. 1911 च्या अहवालात तिने दोन कारणं दिली: तेच तेच काम करून येणारा शीण, आणि काम करणाऱ्याचीच नाजूक मज्जासंस्था. झालं! अर्धं दुखणं कामाचं, अर्धं माणसाच्या माथी. पुढे 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियात टायपिंग करणाऱ्या, टेलिफोनवर बसणाऱ्या हजारो जणींचे हात आणि खांदे दुखायला लागले, तेव्हा लोकांनी त्याला 'कांगारूचा पंजा' म्हणून हिणवलं. म्हणजे कुणी सोंग म्हणालं, कुणी मनाचा खेळ.

पण या दुखण्याला हात लावणाऱ्याही बायकाच होत्या. लंडनमध्ये मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात अशी ओरड झाली. तेव्हा 1894 साली रोझलिंड पॅजेट आणि तिच्या तीन सोबतिणींनी मिळून प्रशिक्षित मालिश करणाऱ्या बायकांची संस्था काढली. परीक्षा ठेवली, नियम घातले, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मालिश करायची नाही असं ठरवलं. बदनाम झालेलं काम त्यांनी विद्येच्या पंक्तीला नेऊन बसवलं. 1920 मध्ये त्या संस्थेला राजाची सनद मिळाली. आजची ब्रिटनची फिजिओथेरपी तिथूनच आली. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात हे शिक्षण 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं.

अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी स्नायूंतल्या दुखऱ्या गाठींचा आयुष्यभर अभ्यास केला. गाठ एका जागी आणि कळ दुसरीकडेच, हे त्यांनी नकाशे काढून दाखवलं. खांद्यावरच्या गाठीने डोकं ठणकतं, ते यामुळेच. 1961 मध्ये त्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर झाल्या. त्या जागेवरची ती पहिली बाई.

आता सगळ्यात कामाचं. इतकी वर्षं आपल्याला सांगितलं गेलं की दुखतंय तर हलवू नका. डेन्मार्कमध्ये मान-खांदे दुखणाऱ्या 198 कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला. तो 2011 साली छापून आला. काही जणांनी रबरी पट्टीचा व्यायाम रोज फक्त दोन मिनिटं, काहींनी बारा मिनिटं केला, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. दुखणं दोन्ही गटांत कमी झालं. दोन मिनिटं तर चहाला आधण यायलाही पुरत नाहीत!

आम्ही सायकलची जुनी ट्यूब कापून घेतली. मधला भाग पायाखाली दाबायचा, दोन टोकं दोन हातांत. कोपर किंचित वाकवून हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचे आणि सावकाश खाली आणायचे. खांदे कानाकडे चढू द्यायचे नाहीत. हात थकले की थांबायचं. पहिल्या आठवड्यात खांदे जास्तच भरून आले, आणि एकीने ट्यूब फेकूनच दिली होती. चौथ्या आठवड्यात तिनेच ती परत मागितली. शेक घ्या, कुणाकडून हलक्या हाताने चोळूनही घ्या, बरं वाटतं; पण ते तेवढ्यापुरतं.

मात्र हाताला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, हातातून भांडं सुटत असेल, चालताना तोल जात असेल, दुखण्यासोबत ताप असेल, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. छातीत दाब येऊन खांदा किंवा हात दुखला, तर लगेच, त्याच घटकेला. आणि तिथे कुणी स्वभावाचं नाव काढलं, तर काम काय करता, किती तास करता, ते आधी सांगा.