फिल्म चावून धर!

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत की!’ हे दवाखान्यात रोज ऐकू येणारं वाक्य समोरच्या दातांपुरतं खरं आहे. दुधाच्या दाढा मात्र दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. त्यातल्या पहिल्या आणि दुसऱ्या दाढेची गाठ पडते ती टोकाला टोक लागून नव्हे, तर चांगली रुंद, सपाट. तिथे ब्रश पोचत नाही आणि आरशातूनही काही दिसत नाही. वरून दाढ धडधाकट, आतून पोखरलेली. या जागेत डोकावण्याची युक्ती सापडायला एक्स-रेच्या शोधानंतर तीस वर्षं जावी लागली, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

दातांचा एक्स-रे त्यामानाने फार लवकर निघाला. एक्स-रे शोधणाऱ्या रॉन्टगेनने १८९५ च्या डिसेंबरअखेर आपला निबंध दिला आणि महिना उलटायच्या आत जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये ओटो वाल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्याच तोंडात काचेची फोटोप्लेट धरली. काळ्या कागदात आणि रबरात गुंडाळलेली ती प्लेट त्याने २५ मिनिटं तशीच धरून ठेवली होती. मुलांचं सोडाच, मोठं माणूसही हे सोसणार नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी हे काम नेटाने पुढे नेलं. एक्स-रेच्या नळीचा जोर जमला की नाही, हे ते आपलाच हात किरणांत धरून पाहत. पुढे कॅन्सरने बोटं गेली, मग हात गेला आणि १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं.

या सगळ्या काळात एक्स-रे काढला जायचा तो मुळांसाठी. गळू आहे का, अडकलेला दात कुठे आहे, मुळाचं टोक कसं आहे, एवढंच पाहायचं. म्हणजे दुखणं सुरू झाल्यावरच. मुळं टिपायची तर किरण तिरपे सोडावे लागत. त्यात शेजारच्या दातांच्या सावल्या एकमेकींवर चढायच्या आणि नेमकी मधली फट बुजून जायची.

इंडियानातल्या दंत महाविद्यालयात रेडिओग्राफी शिकवलेल्या हॉवर्ड रेपर यांनी १९२५ मध्ये मुळांचा नादच सोडला. फिल्मच्या मधोमध त्यांनी एक पाकळी काढली. ती पाकळी दातांत चावून धरली की फिल्म वरच्या-खालच्या दाढांच्या मागे उभी राहते. किरण जवळजवळ आडवे, बरोबर फटीतून जातात. एकाच चित्रात दोन्ही जबड्यांच्या दाढांचे माथे येतात, मुळं जवळपास नाहीतच. हीच बाइटविंग.

चित्र वाचायलाही सोपं असतं. इनॅमल पांढरंशुभ्र दिसतं. किडीने त्यातले क्षार गेले, की तिथून किरण जास्त आरपार जातात आणि फिल्म काळवंडते. दाढा टेकतात त्याच्या जरा खाली, बाहेर रुंद आणि आत निमुळता असा छोटा काळसर त्रिकोण दिसतो. पण बरेच क्षार गेल्याखेरीज तो उमटतच नाही. म्हणून कीड चित्रात दिसते त्याहून खोल धरायची. दुधाच्या दाढेत हे फार महत्त्वाचं, कारण तिचं इनॅमल जेमतेम मिलिमीटरभर, पक्क्या दाढेच्या निम्मं असतं आणि नस अगदी जवळ. कीड इनॅमलमध्येच असेल तर फ्लोराइड लावून, साफसफाई सांभाळून ती थोपवता येते. नसेपर्यंत गेली, तर रात्री पोर रडत उठतं.

मुलांसाठी सर्वांत लहान, शून्य नंबरची फिल्म असते. आता पुण्या-नाशिकच्या दवाखान्यांत फिल्मऐवजी ‘आरव्हीजी काढू’ म्हणतात. फ्रान्सच्या फ्रान्सिस मुयाँ यांचं हे डिजिटल तंत्र १९८७ मध्ये बाजारात आलं. किरण कमी लागतात, चित्र लगेच पडद्यावर दिसतं. पण फिल्मच्या जागी तोंडात धरायचा सेन्सर फिल्मपेक्षा जाड आणि ताठ, त्यामुळे चार वर्षांच्या मुलाच्या तोंडात तो टोचतो. म्हणून काही डॉक्टर मुलांसाठी पातळ फॉस्फर प्लेटच वापरतात. आणि दाढांमध्ये मोकळी फट असेल, दोन्ही बाजू नुसत्या डोळ्यांनी दिसत असतील, तर चांगला डॉक्टर यातलं काहीच काढत नाही.