सणाच्या दिवशी विसावा कोणाला?

आपल्या मंडळाने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, ही आपणां सर्वांस अभिमान वाटावा अशी गोष्ट होय. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गतकार्याचा गौरव व्हावा हे उचितच आहे. आम्ही मात्र येथे एका काहीशा उपेक्षित प्रश्नाचा मागोवा घेऊ इच्छितो. सण हा मनाच्या उल्हासासाठी असतो. मग गणपतीपासून दिवाळीपर्यंतचे दिवस सरले की घरोघरी माणसे शिणलेली, चिडचिडी आणि अंथरुणाला खिळलेली का आढळतात?

आपल्या पूर्वजांनी सण व विश्रांती यांची सांगड घातली होती. पोळ्याचेच उदाहरण घ्यावे. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते, शिणल्या खांद्यांना हळद व तूप चोळतात आणि सणाच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. चातुर्मासातील उपवासांमागेही पावसाळ्यात अग्नी मंद असतो, हा आयुर्वेदाचा विचार दिसतो. अभ्यंगाने श्रम व वात यांचे शमन होते, असे वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगितले आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटेचे तेल-उटणे हे त्याच परंपरेतले. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाबरोबर निवांत वाचनाचीही भर पडली.

ही घडी विस्कटली ती स्थलांतराने. बंगळूरशी आपला संबंध १६३८ पासूनचा. त्या वर्षी विजापूरच्या सैन्याने हे नगर घेतले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. परंतु महादेवपुऱ्याच्या या पूर्वभागाचे रूप पालटले ते उद्योगांमुळे. १९४० मध्ये विमानांचा कारखाना, १९४८ मध्ये दूरवाणीनगरचा टेलिफोन कारखाना आणि १९९० नंतर व्हाइटफील्डची संगणक-संकुले उभी राहिली. पहिली पिढी कारखान्याच्या पाळीवर राबली. आजची पिढी परदेशाच्या घड्याळावर रात्री जागते. गावचे सण शेतीच्या कामांशी जुळलेले होते. कचेरीला तिथी कळत नाही. गौरीजेवणाचा स्वयंपाक पूर्वी सासू, जावा, नणंदा मिळून करीत. येथे तो दोन हात करतात आणि तेच हात दहा वाजता कामावर हजर व्हावे लागतात. बैलाला मिळणारी सुट्टी गृहिणीच्या वाट्याला मात्र येत नाही.

मंडळांचेही असेच झाले. १८९३ साली लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाचा पुरस्कार केला तो लोकांनी एकत्र यावे म्हणून. आम्ही मात्र काही वर्षे एकत्र येण्यापेक्षा राबण्यातच धन्यता मानली. एके वर्षी आमचा एक उत्साही कार्यकर्ता, रात्रपाळी करून दिवसा मंडप उभारीत असता, विसर्जनाच्या आदल्या सायंकाळी आरतीतच कोसळला. सुदैवाने तो बरा झाला. परंतु आठवडाभर तो झोपला नव्हता, हे आम्हांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. ही आमचीच चूक होती आणि ती येथे नोंदवणे आम्ही कर्तव्य समजतो.

अशा कोसळण्याची मीमांसा शास्त्राने केलेली आहे. १९३६ मध्ये हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, ताण कोणताही असो, शरीर प्रथम सावध होते, मग प्रतिकार करते आणि ताण सरलाच नाही तर अखेर त्याची शक्ती संपते. सण आनंदाचा असला तरी जागरण, धावपळ, खर्चाची चिंता आणि अवेळी गोडधोड यांचा हिशेब शरीर वेगळा ठेवीत नाही. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातील सुमारे २,८३,००० हृदयविकाराच्या झटक्यांची पाहणी झाली. नाताळच्या पूर्वसंध्येला झटक्यांचे प्रमाण एरवीपेक्षा ३७ टक्क्यांनी अधिक आढळले. वृद्ध आणि मधुमेही यांना धोका विशेष होता. देश निराळा, सण निराळा. परंतु हृदय सर्वांचे सारखेच.

परंपरा बदलता येते, याचा दाखलाही आपल्यापुढे आहे. २०२० च्या महामारीत मुंबईच्या लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता ‘आरोग्योत्सव’ केला आणि रक्तदान व रक्तद्रवदान घडविले. श्रद्धेला त्याने उणेपणा आला नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात आम्ही काही गोष्टी सुचवितो. रात्रपाळीच्या कार्यकर्त्यास दिवसाचे काम देऊ नये. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद व्हावा; २००० सालच्या नियमांचेही तेच सांगणे आहे. फराळ चार घरांनी वाटून करावा किंवा विकत आणावा आणि त्यात कमीपणा मानू नये. वर्गणीचा आकडा कोणाच्या मनावर ओझे होऊ नये. मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून उपवास करू नये, औषध चुकवू नये. आणि महाप्रसादाची पहिली पंगत स्वयंपाक करणाऱ्यांची बसावी. वाढण्याचे काम इतरांनी करावे.

पन्नास वर्षांपूर्वी आपण एकत्र आलो ते परगावी एकटे पडू नये म्हणून. सणाच्या गर्दीतही कोणी एकटा राबत नाही ना, हे पाहणे म्हणजे त्याच मूळ हेतूचे स्मरण होय. पुढील पन्नास वर्षे मंडळास व मंडळींस आरोग्याची जावोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.